गाडीच्या मागे बसणारी बार्बेक्यू शेगडी घरी कशी बनवाल

शेगडी दोन तास पेटते आणि दोन दिवस हादरे खाते. गाडीला लावायची शेगडी बनवायला घेताना एवढं डोक्यात पक्कं असलं, की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात. मला ते पहिली शेगडी मोडल्यावर कळलं. पेटी चांगली जाड होती, जाळी देखणी होती, हवेची भोकं मोजूनमापून पाडलेली होती. दुसऱ्याच सहलीत कच्चा रस्ता संपल्यावर गाडी थांबवून मागे गेलो, तर पेटी एका कोपऱ्यावर लोंबकळत होती. चारपैकी तीन नट गायब आणि चौथा बोटाने फिरत होता. असं का झालं ते बोल्टच्या भागात सांगतो.

ग्राइंडर आणि ड्रिल मशीन हाताळायची सवय असेल, तर यातलं बहुतेक काम जमण्यासारखं आहे. वेल्डिंग नवीन असेल तर पेटीवर हात साफ करा, पण गाडीला लागणाऱ्या दांड्याचे सांधे मुरलेल्या वेल्डरकडूनच मारून घ्या. पेटीचा सांधा सुटला तर चार निखारे सांडतील. दांड्याचा सुटला तर मागून येणाऱ्या गाडीसमोर वीस किलो लोखंड पडेल.

आधी वजनाचा हिशेब

लोखंड आणण्यापूर्वी गाडीची माहितीपुस्तिका उघडा. टो हिचवर (गाडीच्या मागे चासीला धरलेला, ट्रेलर ओढायचा लोखंडी जोड) उभा भार जास्तीत जास्त किती चालतो, तो आकडा शोधून भिंतीवर लिहून ठेवा. हिचवर तसा शिक्का किंवा पट्टी असेल तर तीही वाचा. दोन आकडे वेगळे निघाले तर लहान आकडा धरा.

मागच्या चाकांच्या मागे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.५ मीटर आहे आणि शेगडी मागच्या आसापासून १.२ मीटर मागे आहे. शेगडीचं वजन ३० किलो असेल, तर मागच्या चाकांवर साधारण ४४ किलो वाढतात आणि पुढची चाकं १४ किलोंनी हलकी होतात. त्यात डिकी भरलेली आणि मागे तिघं बसलेले, म्हणजे स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे बघतात. म्हणून मी पूर्ण जुळणी, जाळी आणि झाकणासकट, ३० किलोंच्या आत ठेवतो. कोळसा गाडीत पुढच्या बाजूला जातो.

हिच नसेल तर? बंपरला बोल्ट मारून शेगडी टांगायचा मोह होईल. करू नका. आजच्या बहुतेक गाड्यांचा दिसणारा बंपर म्हणजे प्लास्टिकचं आवरण असतं. चासीला धरलेला हिच बसवून घ्या आणि मगच पुढे जा. पिकअपवाल्यांनाही हेच सांगेन. फाळक्यावर शेगडी बसवलेली चित्रात छान दिसते, पण फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या अशा सततच्या हिंदकळण्यासाठी केलेल्या नसतात.

रचना काय आहे

हिचच्या चौकोनी तोंडात एक आखूड पाइप जातो. त्याला बाहेरच्या टोकाशी एक आडवा पाइप, बंपरला समांतर. आडव्या पाइपच्या एका टोकाला उभा खुंटा आणि त्या खुंट्यावर फिरणारा दांडा. दांड्यावर चौकट, चौकटीत पेटी. प्रवासात दांडा बंपरला समांतर मिटलेला असतो आणि त्याचं मोकळं टोक आडव्या पाइपवरच्या यू आकाराच्या बैठकीत बसून खिट्टीने अडकतं. मुक्कामावर खिट्टी काढायची, दांडा बाहेर फिरवायचा, पेटी गाडीपासून लांब जाते आणि डिकीही उघडता येते.

थेट गाडीमागे, न फिरणारी शेगडी बनवणं यापेक्षा खूप सोपं आहे, हे मान्य. पण मग धग सरळ मागच्या दिव्यांवर येते. पेटीची जवळची कड गाडीपासून किमान ८० ते ९० सेंटिमीटर लांब जाईल एवढा दांडा हवाच.

सामान

हिचसाठी ५० × ५० मिमीचा, ५ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, साधारण ३५ सेंमी. तुमच्या हिचचं तोंड २ इंची असेल तर त्यात ५०.८ मिमीचा पाइप अपेक्षित असतो आणि पिनचं भोक ५/८ इंच, म्हणजे जवळपास १६ मिमी असतं. १.२५ इंची तोंडही असतं, त्याची पिन अर्ध्या इंचाची. आपल्याकडे कोणतं आहे ते कॅलिपरने मोजा. आडव्या पाइपला ५० × ५० × ४ मिमी, सुमारे ९० सेंमी. फिरत्या दांड्याला ४० × ४० × ३ मिमी पुरतो, ८० सेंमी. पेटीला तळाला ३ मिमी आणि बाजूंना २ मिमी साधा काळा पत्रा. जाळीला ६ मिमीच्या ३०४ ग्रेड स्टेनलेसच्या सळया. बाकी फ्लॅट पट्ट्या, २५ मिमी गोल बार, त्यात नेमका बसेल असा जाड पाइप, बोल्ट आणि स्प्लिट पिना.

दोन गोष्टी घेऊ नका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पाइप नको. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, पेटता कोळसा त्याच्या कितीतरी वर असतो, आणि वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. चकचकीत आणि फुकटात मिळतो म्हणून असा पत्रा घरात पडलेला असतो, तो पडलेलाच राहू द्या. दुसरी गोष्ट म्हणजे तेलाचं किंवा रसायनाचं जुनं बंद पिंप. रिकाम्या पिंपात वाफ राहते आणि ग्राइंडरची एक ठिणगी ते फोडायला पुरते.

दांडा आणि खुंटा

सुरुवात हिचपासून करा. आखूड पाइप तोंडात सरकवून पिनचं भोक आतून खुणा, बाहेर काढून ड्रिल करा. पाइप जेवढा आत जातो त्याच्या शेवटपर्यंत जाऊ द्या. अर्धवट आत गेलेला पाइप वजनाने झुकतो.

आडवा पाइप लावताना आधी वेल्डचे फक्त छोटे टाके मारा, गाडीत अडकवा आणि चार पावलं मागे जाऊन बघा. बंपरला समांतर आहे? डिकीचं दार अडत नाही? सायलेन्सरचं तोंड पेटीच्या किंवा दांड्याच्या दिशेने नाही? खड्ड्यातून वर येताना टेकेल इतका खाली नाही? समाधान झालं की बाहेर काढून पूर्ण वेल्ड करा आणि कोपऱ्याला ५ मिमीच्या पत्र्याचा त्रिकोणी आधार द्या. हा त्रिकोण दिसायला किरकोळ, पण हादरे सगळ्यात आधी याच कोपऱ्यावर येतात.

खुंट्याच्या बाबतीत जरा थांबून हिशेब करू. २० किलोची पेटी ०.८ मीटर लांब टांगली आहे. खुंट्याची बुश, म्हणजे त्यावर फिरणारा जाड पाइप, १५ सेंमी उंच असेल, तर तिच्या वरच्या आणि खालच्या टोकावर प्रत्येकी सुमारे १०७ किलोंइतका आडवा दाब येतो, तोही गाडी उभी असताना. उंची निम्मी केली की दाब दुप्पट. म्हणून फाटकाच्या दोन बिजागऱ्या लावून भागत नाही. २५ मिमीचा भरीव बार, त्यावर किमान १५ सेंमी उंच जाड पाइप, मध्ये ग्रीस, वर वॉशर आणि स्प्लिट पिन. बार पाइपात डगडगत असेल तर तो डगडगाट ८० सेंमीवर पाचपट होऊन दिसेल, तेव्हा जोडी दुकानातच घालून बघा.

दांड्याला दोन ठिकाणी कुलूप लागतं, मिटलेलं आणि उघडलेलं. उघडलेल्या स्थितीचं कुलूप बरेच जण विसरतात. मग उतारावर पेटलेली शेगडी आपोआप गाडीकडे वळायला लागते. खुंट्यावर एक भोकांची चकती वेल्ड करा, दांड्यावरून १२ मिमीची खिट्टी त्यात पडेल अशी. ९० अंशाला एक भोक, १३५ ला एक. दुसऱ्या भोकाचा उपयोग वाऱ्याच्या वेळी कळेल.

उघडलेल्या दांड्याखाली जमिनीला टेकणारा पाय मी एकदा लावला होता. कुणी गाडीत बसलं की गाडी खाली बसायची आणि गाडीचं वजन त्या पायावर यायचं, उतरलं की पाय हवेत. काढून टाकला.

हिचच्या तोंडात पाइप थोडा सैल असतोच, आणि त्याचा खडखडाट पहिल्याच किलोमीटरला डोक्यात जातो. तोंड आणि पाइप दोघांना एकत्र आवळणारा यू बोल्ट आणि पट्टी लावली की आवाज बंद होतो आणि पिनचं भोकही झिजत नाही.

पेटी

चार ते सहा माणसांना ५० × ३० सेंमीची, १५ सेंमी खोल पेटी पुरते. वर सांगितलेल्या पत्र्यात तिचं वजन साडेसात किलोंच्या आत राहतं. सगळीकडे ३ मिमी वापरलात तर नऊ किलोंच्या वर जाते. जास्त जाड म्हणजे जास्त टिकाऊ हा हिशेब अंगणातल्या शेगडीला लागू आहे. इथे प्रत्येक जादा किलो दांड्याला आणि खुंट्याला हिसके देतो.

सपाट पातळ पत्रा तापला की त्याला पीळ पडतो. त्यावर उपाय जाडीत नाही, घडीत आहे. बाजूंच्या वरच्या कडा १५ ते २० मिमी बाहेर दुमडून घ्या. पत्रा कामगाराकडे वाकवायचं मशीन असतं, पाच मिनिटांचं काम. कोपऱ्यांना सलग वेल्ड मारू नका. दोन-अडीच सेंटिमीटरचा टाका, मग समोरच्या बाजूला टाका, असं फिरत फिरत. पेटी पाणी धरणारी असायची गरज नाही.

हवेची भोकं तळाला पाडू नका. तळातून पडलेला निखारा थेट खालच्या सुक्या गवतात जातो. भोकं लांब बाजूंना, तळापासून २ सेंमी वर, १० मिमीची, प्रत्येक बाजूला दहा-बारा. त्यांच्यावर मागेपुढे सरकणारी एक भोकाची पट्टी लावली की आच कमी-जास्त करता येते. कोळसा थेट तळावर ठेवायचा नाही. तळापासून ३ सेंमी उंचीवर जाड सळयांची दुसरी जाळी ठेवा. खाली राख पडते, वर हवा लागते आणि तळ लवकर जळत नाही.

झाकण म्हणून साधा सपाट पत्राही चालेल, पण हवं नक्की. रस्त्यात पाऊस लागला आणि राख भिजली की ती तळाला चिकटून ओल धरून बसते आणि पत्रा खाते.

वरची जाळी

सळयांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १५ मिमी अंतर ठेवा, म्हणजे मधली फट ९ मिमी राहते आणि बारीक तुकडे खाली पडत नाहीत. स्टेनलेसला साध्या लोखंडाशी जोडायचं असेल तर ३०९ ग्रेडचा वेल्डिंग रॉड लागतो. साध्या रॉडने जोडलेला सांधा तडकतो. हे नको असेल तर जाळी साध्या लोखंडी सळयांची करा आणि दर वेळी तेलाचा हात फिरवा, तीही वर्षानुवर्षं चालते.

जाळीची उंची बदलता आली पाहिजे. चार कोपऱ्यांना खाचा पाडलेल्या पट्ट्या लावा, निखाऱ्यांपासून ६, १० आणि १५ सेंमीवर. प्रवासात वरची जाळी पेटीत ठेवू नका. कापडात गुंडाळून गाडीत न्या, म्हणजे वाजत नाही आणि रस्त्याची धूळही खाण्यात येत नाही.

बोल्ट, म्हणजे माझी चूक

त्या पहिल्या शेगडीला मी नायलॉकचे नट लावले होते. हादऱ्याने सैल होत नाहीत म्हणून गाडीच्या कामात हेच वापरतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांची पकड आतल्या नायलॉनच्या कड्यात असते आणि ते कडं साधारण १२० अंशांपर्यंतच काम करतं. पेटीच्या पायाशी तापमान सहज त्याच्या पुढे जातं. पहिल्या सहलीत कडी वितळली, दुसऱ्या सहलीत हादऱ्यांनी नट उतरवले. सुटलेल्या चौथ्या नटात वाटाण्याएवढा काळा चिकट गोळा होता, तो बघून उलगडा झाला.

पेटीजवळ पूर्ण धातूचा लॉकनट, किंवा एकावर एक दोन नट आवळून, किंवा खाचांचा नट आणि त्यातून स्प्लिट पिन. मी शेवटचा प्रकार वापरतो. स्प्रिंग वॉशर वारंवार तापला की त्याचा ताण जातो, म्हणून तोही गार भागातच, दांड्यावर आणि हिचकडे. नायलॉकही तिथे खुशाल लावा.

भोकांचं आणखी एक गणित आहे. साधं पोलाद एका मीटरला, एका अंशाला, सुमारे ०.०१२ मिमी वाढतं. ५० सेंमीची पेटी ४०० अंशांनी तापली तर २.४ मिमी लांब होते. चारही भोकं बोल्टाइतकीच घट्ट असतील, तर ही वाढ जाणार कुठे? बोल्ट वाकतो किंवा पत्रा फुगतो. एका टोकाची दोन भोकं गोल ठेवा, दुसऱ्या टोकाची लांबट करा, कानशीने ५ मिमी ओढली तरी पुरे.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. नट हलला की रेघ तुटलेली दिसते, पाना काढायची गरज नाही. पेटीजवळच्या रेघा काळवंडतात, त्या दर दोन-तीन सहलींनी पुन्हा ओढाव्या लागतात.

रंग आणि पहिली जाळणी

पेटीला बाहेरून ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा रंग, आतून काहीच नाही. दांड्याला साधा प्रायमर आणि रंग चालतो. मग शेगडी गाडीला न लावता विटांवर ठेवून तासभर पूर्ण आचेवर जाळा. पत्र्यावरचं कारखान्यातलं तेल जळून जातं, रंग पक्का होतो आणि कुठे पीळ पडायचा असेल तर तो घरीच पडतो. या जाळणीवर काही शिजवू नका.

रिकामी फेरी

पेटीच्या जागी वाळूची पोती ठेवा, पेटीच्या दुप्पट वजनाची, पण हिचच्या मर्यादेत. दांडा उघडा, मिटा, बघा. काही लचकतंय का, वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसतेय का? मग पोती उतरवून पेटी लावा आणि वीसेक किलोमीटर खराब रस्त्यावर फिरून या. परत येऊन नटांवरच्या पांढऱ्या रेघा तपासा. पहिल्या फेरीत एकदोन नट हलतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

याच वेळी कुणाला तरी गाडीच्या दहा पावलं मागे उभं करून दिवे आणि नंबरप्लेट पूर्ण दिसतात का ते विचारा. झाकली जात असतील तर आडव्या पाइपवर मागे आणून बसवा. याबाबतचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते निघण्यापूर्वी बघून घ्या.

मुक्कामावर

जागा सपाट आणि उघड्या मातीची हवी. हँडब्रेक, गिअर आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे. पेटीखाली आणि भोवती दोन मीटरपर्यंतचं सुकं गवत-पाला बाजूला करा. बादलीभर पाणी आणि भुकटीचं अग्निशामक हाताशी ठेवा, डिकीच्या तळाशी नाही.

गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं की मागचा धूर लांब जाईल असं वाटतं. प्रत्यक्षात वारा गाडीला वळसा घालून मागे भोवरा करतो आणि धूर उघड्या डिकीत ओढला जातो. गाडी वाऱ्याला आडवी लावा आणि दांडा १३५ अंशांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला फिरवा.

कोळसा पेटवायला पेट्रोल कधीच नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि टाकी तिथेच आहे. १५ सेंमी व्यासाचा आणि ३० सेंमी उंचीचा, खाली जाळी आणि भोकं असलेला पत्र्याचा नळकांडा करून ठेवा. खाली कागद, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत कोळशांवर पांढरी राख धरते, तेव्हा पेटीत ओता. जाळीच्या उंचीवर तळहात धरून बघा. दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर आच कडक, पाच-सहा सेकंद धरता आला तर मध्यम.

धूर संपला म्हणजे धोका संपला असं नाही. मंद निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात, त्याला रंग नाही, वास नाही. पाऊस आला म्हणून पेटी डिकीत, तंबूत किंवा गाडीला लावलेल्या कापडी छताखाली आणू नका, अर्ध्या तासासाठीही नाही.

विझवताना तापलेल्या पेटीत पाणी ओतू नका. पत्र्याला पीळ पडतो आणि वाफ तोंडावर येते. निखारे चिमट्याने किंवा फावड्याने लोखंडी बादलीत घ्या, पाणी घाला, ढवळा, पुन्हा पाणी घाला. सुकी राख वरून गार वाटते आणि आत दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसते. गाडी चालू लागली की वारा तिला फुंकणीसारखी फुलवतो, म्हणून राख घेऊन निघायचं नाही. रिकामी पेटी अर्धा-पाऊण तास तशीच उघडी ठेवा.

मी आधी हाताची पाठ पेटीच्या तळाजवळ नेतो, धग लागत नसेल तर तळहात टेकवतो. गार लागला की रेघा बघतो, दांडा आत वळवतो आणि खिट्टी मारतो.